काळ्या रुपयाची बोली

काष्टीहून फोन आला तेव्हा फौजदार भीमराज साळवे चहाच्या दुसऱ्या घोटावर होते. १९९९ची दिवाळी नुकतीच उरकली होती. तालुक्याच्या ठाण्यात कुणाच्या तरी घरचा चिवड्याचा डबा अजून टेबलावरून टेबलावर फिरत होता, आणि चोरही फराळाला माहेरी गेले असावेत अशी शांतता होती.

"साहेब, काष्टीत आप्पासाहेब गवत्यांच्या घरी चोरी झाली," हवालदार सहादेव रिसीव्हर ठेवत म्हणाला. "कपाट फोडलंय. जुना चांदीचा रुपया गेला."

"एक रुपया?"

"एकच. पन त्याला बंगलोरचं कोनतरी चाळीस हजार देत हुतं म्हनं."

साळव्यांनी चहा तसाच ठेवला आणि टोपी उचलली.

आप्पासाहेब गवते म्हणजे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे निवृत्त कारकून. काट्यावर त्यांनी उभी हयात काढली आणि कुणाच्या उसाचं किलोभर वजनही मारलं नाही. काट्यावर बसून असं राहता येतं यावर लोकांचा विश्वास बसत नसे, पण आप्पांकडं बघून बसवावा लागे. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या नाण्यांचा नाद धरला. गेल्या वर्षापासून नगरच्या एका सायबर कॅफेतून ते इंटरनेटवर नाणी विकत. गावातली टवाळ पोरं म्हणत, आप्पा आता कॉम्प्युटरमध्ये रुपये टाकतात आणि पलीकडून डॉलर निघतात.

आज मात्र आप्पा ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. दाढी वाढलेली होती. डोळे सुजले होते.

"रुपया तुमचा होता?" साळव्यांनी विचारलं.

"माझा असता तर एवढं वाटलं नसतं. झुंबरबाईचा. पाथर्डीकडची आहे, दरसाल आमच्या कारखान्याला ऊस तोडायला येते. नवरा नाही. राणीछाप रुपया. तिच्या आईनं भिंतीच्या मातीत लिंपून ठेवला होता. भिंत पडली तेव्हा सापडला. त्या सालचे रुपये थोडेच पाडले होते. माझ्या भरवशावर दिला होता तिनं."

"आणि ते पैसे कशासाठी?"

"लेकीसाठी. धनश्री. नगरला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळालीय. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा दुसरीला जाईल. मग ती पोर आयुष्यभर कोयता धरणार."

"गिऱ्हाईक पक्कं कधी झालं?"

"काल सांजेला. कॅफेतल्या दीपाचा शेजारच्या दुकानात फोन आला."

"म्हणजे सगळ्या आळीला कळलं."

"कळलं असेल."

"आणि रात्री चोरी झाली. तुमचा कुणावर संशय?"

आप्पा जमिनीकडं बघत राहिले. उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून. त्यांच्या पत्नी रतनबाई तिथं पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"अवं, सांगा की. काल दुपारी त्या झुंबरबाईचा बिभीषन आल्ता. पैसं द्या न्हाईतर रुपया द्या म्हनून किती वरडला. समद्या आळीनं ऐकलं."

"आप्पासाहेब, खरं का?"

"आला होता," आप्पा म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

"पांढराफटक रुपया वो साहेब," रतनबाईंना हुंदका आला. "चांदन्यावानी. गरिबाच्या लेकीचं नशीब हुतं त्यात, आन् आमच्या घरातनं जावं ह्ये?"

कपाट जुनं, लाकडी. कुलपाचा कोयंडा उचकटलेला होता. बाकीची नाणी, तांब्याची, पितळेची, आपापल्या खणात जशीच्या तशी होती. परसदाराची आतली कडी मुरगळून लोंबत होती. साळव्यांनी दार उघडलं आणि पाय उचलून तसाच थांबवला.

उंबऱ्याला लागूनच रतनबाईंनी पाडव्याला घातलेले शेणाचे पांडव होते. पाच भाऊ, द्रौपदी, गवळणी, गुरं, सगळा संसार, डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या. पायरीपासून गोठ्यापर्यंत टीचभर जागा मोकळी नव्हती.

"जपून, साहेब," मागून रतनबाई म्हणाल्या. "आज पांडवपंचमी. सांजच्याला उचलायचे हायेत."

साळवे भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल शोधत पलीकडं गेले. सहादेवाला ते जमेना, म्हणून तो पुढच्या दारानं वळसा घालून आला.

बिभीषण दुपारी सापडला, पण नको तसा. पाथर्डीच्या स्टँडवर जीप थांबायला आली होती आणि टपावर तो बसला होता. खाली खाकी कपडे दिसताच त्यानं टपावरून उडी टाकली. उजव्या हातावर पडला. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पळाला म्हणजे चोर, असा निकाल स्टँडवरच्या सगळ्यांनी तिथल्या तिथं देऊन टाकला.

साळवे संध्याकाळी दवाखान्यात पोचले. प्लास्टरमधला हात छातीवर ठेवून बिभीषण पडला होता. विशी ओलांडलेला, काटक पोरगा. पायाशी झुंबरबाई होत्या. खिडकीशी एक मुलगी उभी होती, खांद्याला कापडी पिशवी. ती धनश्री.

"तू आप्पांकडं भांडायला गेला होतास?"

"व्हय."

"का?"

"दिवाळीच्या आदी म्हनले, गिऱ्हाईक ठरलंय, भाऊबीज झाली की पैसं. काल गेलो तर म्हनं, अजून थांब. आमाला थांबता येतं का, साहेब? मुकादमाचा ट्रक परवा निघतोय. हिला शाळंत सोडल्याबिगर आमी कसं जायचं?"

"मग रात्री कुठं होतास?"

"काष्टीच्या स्टँडावर झोपलो. पहाटंची गाडी धरली."

"कुणी पाहिलं?"

"गरिबाला झोपल्यालं कोन बघतं?"

"चोरी केली नव्हतीस तर उडी का मारलीस?"

बिभीषणनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू फौजदारानं भलतंच काही विचारलं.

"पोलिस दिसला की पळायचं. लहानपनापासनं ह्येच शिकलो. ऊस तोडायला ज्या गावात उतरतो, तिथं काय बी गेलं तरी पैलं आमच्या खोपीवर येत्यात."

 पोलिसांच्या भीतीनं पळणारी माणसं साळव्यांनी स्वतःच्या वस्तीतही लहानपणी पाहिली होती, आणि पळणाऱ्यांत तेही एक होते.

 झुंबरबाईंनी विचारलं, "आप्पांनी नाव घेतलं का माझ्या लेकाचं?"

"आप्पांनी नाही घेतलं."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि खरंच त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "आप्पा देवमानूस हायेत. त्येंचं बी काळीज जळत आसंल."

साळवे निघाले तेव्हा धनश्री दारापर्यंत आली. "साहेब, डॉक्टर म्हनले हाताला लई दिवस लागतील. आई नि दादा, दोघांची जोडी म्हंजी एक कोयता, मुकादम तसाच धरतो. दादा न्हाई तर मला जावं लागंल. तुमी सोमवारच्या आत रुपया शोधला तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवे आणि सहादेव नगरला गेले. कापड बाजाराच्या मागच्या बोळात गोरक्षनाथांचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं, एका माणसाला नीट वळता येणार नाही एवढं. त्या रुपयाला पहिली बोली त्यांनीच लावली होती.

"तीन हजार म्हणालो होतो," गोरक्षनाथ मोकळेपणानं म्हणाले. "आप्पांनी हसून चहा पाजला आणि परत पाठवलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू?"

"रागाच्या भरात माणूस काहीही करतो."

"आणि चोरून करू काय, साहेब? त्याचा फोटो जगभर गेलाय. प्रत्येक जुन्या नाण्याचे डाग वेगळे, चेहरेपट्टीसारखे. विकायला काढला की दुसऱ्या दिवशी मी आत. चोरी करणारा एकतर येडा, नाहीतर त्याला विकायचाच नाही."

"एवढं काय होतं त्या रुपयात?"

"जसा पाडला तसाच होता तो. टांकसाळीतून निघाला तो थेट भिंतीत गेला. काळा, कडेला निळसर झाक. त्याला माणसाचा हात लागलेला नाही. आमचे लोक त्या काळेपणाचे पैसे देतात." ते जरा थांबले. "आप्पा धंद्यात कच्चा नाही हो. सुरुवात केली ती घरच्याच चांदीच्या रुपयांपासून. लक्ष्मीचे दोन होते, ते विकले आणि भांडवल उभं केलं. पण वागायला सरळ."

माळीवाड्याच्या स्टँडजवळ सायबर कॅफे होता. तीन कॉम्प्युटर, प्लायवूडचे आडोसे आणि कनेक्शन लागताना होणारा तो किरकिराट. दीपा भिंगारदिवे तिथं काम करायची. आप्पा मराठीत सांगत, ती इंग्रजीत लिही. चोरीचं तिला कळलं होतं. ती रडून मोकळी झालेली दिसत होती.

"आप्पा बोल्या कशा हाताळायचे, ते मला सांग," साळवे म्हणाले.

"का, साहेब?"

"मला नाण्यातलं कळत नाही. माणसातलं थोडं कळतं."

दीपानं खुर्ची ओढून दिली. "आप्पा कधीच आधी आकडा सांगत नसत. म्हणत, गिऱ्हाइकाला बोलू दे, बोलला की त्याची भूक कळते. कमी बोली आली तरी आभार मानायचे, राग मानायचा नाही. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही. आणि दुसरा कुणी जास्त देतोय अशी थाप तर कधीच मारायची नाही. मी एकदा म्हटलं, सगळेच मारतात. तर म्हणाले, काट्यावर बोट ठेवून वजन वाढवायचं असतं तर तेव्हाच बंगला बांधला असता."

"या रुपयाचं काय झालं?"

"बंगलोरचे एक डॉक्टर होते. नऊ हजारांपासून सुरू झाले. आप्पा आभार मानायचे, रुपयाची नवी माहिती द्यायचे, थोडं थांबायचे. डॉक्टर चढत गेले. आप्पांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, वीस हजार आले की पुढं ताणायचं नाही, त्यात पोरीची शाळा बसते. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांचे वीस आले."

"मग आप्पांनी हो म्हटलं?"

"तोंडी मला म्हणाले, भाऊबीज झाली की येतो, हो लिहून टाकू आणि तिथूनच रुपया रजिस्टर पोस्टानं पाठवू. पेढे आणतो म्हणाले." दीपानं मान खाली घातली. "भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आले. पेढे नव्हते. म्हणाले, चाळीस लिही. मी म्हटलं, आप्पा, डॉक्टर सोडून जातील. म्हणाले, जाऊ दे. लिही, एक पैसा कमी होणार नाही. मला वाटलं म्हाताऱ्याला हाव सुटली. मनातल्या मनात बोलले पण त्यांना."

"रुपया बरोबर आणला होता?"

"नाही. मी विचारलं तर म्हणाले, विसरला."

"आणि डॉक्टर?"

"दुसऱ्याच दिवशी कबूल झाले. त्यांच्या संग्रहात नेमका तेवढाच एक नव्हता. मला इतका आनंद झाला की लगेच काष्टीला फोन लावला."

"आप्पा काय म्हणाले?"

"काहीच नाही. मी तीनदा हॅलो म्हटलं. मला वाटलं आनंदानं गळा दाटलाय."

तिनं पडद्यावर रुपयाचा फोटो काढून दाखवला. तो वरून खाली सावकाश उतरत आला. आधी मुकुट, मग कपाळ, मग राणीचा जळल्या तव्यासारखा काळा चेहरा. साळवे बराच वेळ बघत राहिले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सहादेव, आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं. तुमच्याकडं पूजेला काय काय मांडतात?"

"नवी केरसुनी, लाह्या-बत्तासे, फुलं. आन् घरातला चांदीचा रुपया," सहादेव म्हणाला. "का वो साहेब?"

"काष्टीला घे. आणि पाथर्डीला निरोप दे, झुंबरबाई नि पोरांना दुसऱ्या जीपनं आणा."

दुपार कलल्यावर आप्पांच्या पडवीत सगळे जमले. झुंबरबाई भिंतीला टेकून बसल्या. शेजारी गळ्यात हात अडकवलेला बिभीषण आणि धनश्री. दीपा नगरहून मागच्या एस.टी.नं आपणहून आली होती. रतनबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. आप्पांनी घेतलं नाही.

"बिभीषणनं चोरी केलेली नाही," साळवे म्हणाले. "चोरी बाहेरून झालेलीच नाही. परसदार मोडलं, पण त्या दारातून अंधारात माणूस गेला असता तर पांडवांतला एक तरी तुडवला गेला असता. मी दिवसाउजेडी भिंत धरून गेलो. कडी आतून मोडली आणि दार तसंच लावून ठेवलं. मोडणाऱ्याला घाई होती, पण बायकोनं हातानं घातलेले पांडव मोडायचं त्याच्या जिवावर आलं."

रतनबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"मग मी विचार केला, रुपया गेला कधी? सगळे म्हणत होते, चाळीस हजार कबूल झाले त्या रात्री. मला दीपानं सांगितलं ते वेगळं होतं. मनातली किंमत आली की पुढं ताणायचं नाही म्हणणारा माणूस, ती आल्यावर एकदम दुप्पट मागतो. हाव सुटली म्हणावी तर हावरा माणूस गिऱ्हाईक धरून ठेवतो. हा म्हणतो, जाऊ दे. रुपया हातात असलेला माणूस गिऱ्हाईक पळवून लावत नाही. आप्पासाहेब, तुम्हाला डॉक्टर पळून जायला हवे होते. सौदा मोडला असता तर झुंबरबाईला सांगता आलं असतं की गिऱ्हाईकच गेलं. पण डॉक्टरांनी दुप्पट किंमतही मान्य केली आणि तुमची पळवाट बंद झाली. मग रुपया चोरीला जाणं भाग होतं."



"पन का, साहेब?" धनश्रीनं विचारलं. "आप्पांना रुपया विकायचाच हुता ना?"

साळवे रतनबाईंकडं वळले. हा प्रश्न विचारायला त्यांना जड जात होतं. "बाई, चोरीला गेलेला रुपया तुम्ही पाहिला होता?"

"व्हय."

"कसा होता?"

"सांगितलं की. पांढराफटक."

"दीपाच्या फोटोत तो काळा आहे. गोरक्षनाथ म्हणतात काळा. त्याला पांढरा तुम्ही केला?"

"म्या घासला," रतनबाई सहज म्हणाल्या. "लक्ष्मीपूजनाला. आमचं दोन रुपयं ह्येंनी गेल्या साली इकलं, घरात पुजायला चांदी न्हाई. म्हनलं, कपाटात ह्यो हाय, लक्ष्मीपुढं रातभर राहिला तर झुंबरबाईच्या लेकीचं चांगलंच हुईल. पन काळी लक्ष्मी कशी पुजायची? चिंच लावली, राखंनं घासला. असा चमाकला! पाडव्याला परत जाग्यावर ठेवून दिला. ह्येंना सांगायचं..." बोलता बोलता त्यांचा आवाज गेला. समोरच्या दीपाचा चेहरा त्यांनी पाहिला होता. "काय झालं? काय चुकलं का माझं?"

दीपा हलकेच म्हणाली, "आजी, डॉक्टर त्या काळेपणाचे पैसे देत होते. घासलेल्या रुपयाला चांदीच्या वजनाचेच पैसे येतात."

रतनबाई मटकन खाली बसल्या. स्वतःच्या बोटांकडं बघत राहिल्या.

आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुपया काढून झुंबरबाईंच्या पुढ्यात ठेवला. नव्या ताटासारखा चकचकीत होता.

"भाऊबिजेनंतर कपाट उघडलं तेव्हा दिसला. विहिरीत टाकायला गेलो होतो," ते म्हणाले. "हात उठला नाही. दुसऱ्याचा रुपया." मग ते रतनबाईंकडं न बघता म्हणाले, "हिला सांगितलं असतं तर ही जगली नसती. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून केलं तिनं. आणि घरची चांदी विकली ती मी. चूक माझीच होती."

साळव्यांना त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली. 

बोलल्या त्या झुंबरबाई. त्यांनी रुपया उचलला नव्हता.

"आप्पा, कळलं तवाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? म्या रडले असते. घटकाभर रडून म्हनले असते, मातीतनं आला नि मातीत गेला."

"तीस वर्षं काट्यावर कुणी माझ्याकडं बोट दाखवलं नाही, झुंबर. तुझ्यापुढं उभं राहायला तोंड नव्हतं."

"आन् माझ्या लेकाला चोर ठरवायला हुतं?"

"मी नाव घेतलं नाही."

"त्यो न्हवं म्हनून बी सांगितलं न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "रुपया तुमच्या मालकिनीनं घासला, त्यात पाप न्हाई. माझ्या पोराचा हात तुमी मोडला, आप्पा. तुमच्या गप बसन्यानं मोडला."

आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळी नाणी विकतो, सगळं कपाट रिकामं करतो, पोरीची शाळा बुडू देत नाही, असं ते हातांच्या आडून म्हणत राहिले. दीपा लगेच म्हणाली की ती आजच फोटो टाकेल, डॉक्टरांनाही खरं काय ते लिहील. पण बोल्या यायला आणि पैसे हातात पडायला दिवस लागतात, हे पडवीत त्या दोघांइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि सोमवार तोंडावर होता.

धनश्री उठली. रतनबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचे हात तिनं आपल्या हातात घेतले. "आजी, रडू नगा. पैसं आज असतं तरी मला जावंच लागलं असतं. दादाचा हात असा. आई एकटी कशी तोडंल?"

रतनबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. ज्या पोरीसाठी लक्ष्मीपुढं हात जोडले होते, तीच त्यांना थोपटत होती, आणि हे बघवेना म्हणून साळवे ओट्यावर येऊन उभे राहिले.

आप्पांनी खोट्या फिर्यादीचा जबाब स्वतः दिला, एक शब्दही न लपवता. ते प्रकरण कोर्टात गेलं. नर्सिंगची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. आप्पांचं कपाट पुढच्या महिन्या-दीड महिन्यात रिकामं झालं. दीपा सांगायची, आप्पा आता बोली वाढायची वाट बघत नाहीत. ते पैसे त्यांनी झुंबरबाईंच्या खोपीवर नेऊन दिले. बाईंनी ते बिभीषणच्या उपचाराला लावले. मनगट जुळलं, पण मूठ वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, कोयता पुन्हा धरता येईलच असं सांगवत नाही. म्हणजे पुढच्या साली कोण जाणार, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

थंडीत एका सकाळी समन्स बजावायला साळवे काष्टीला आले. आप्पा ओट्यावर बसले होते. कागद घेऊन त्यांनी सही केली. तेवढ्यात रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या आल्या, कारखान्याकडं निघालेल्या. तिसऱ्या गाडीवर, मोळ्यांच्या वर, धनश्री बसली होती. डोक्याला फडकं, हात पाल्यानं कापलेले.

आप्पा उठून उभे राहिले. तिनं वरून पाहिलं.

"राम राम, आप्पा. आजी बऱ्या हायेत ना?"

"आहे," आप्पा म्हणाले. "बरी आहे."

गाडी पुढं गेली. आप्पांनी साळव्यांचा हात धरला. 

"साहेब, ती मला एकदा तरी शिवी का देत नाही?"

  साळवे म्हाताऱ्याचा हात तसाच धरून, गाड्या वळणाआड जाईपर्यंत, त्याच्या शेजारी उभे राहिले.